कुत्र्याला पीनट बटर देताना

आपल्या समाजातल्या पुष्कळ घरांत आता कुत्रा आहे. कोकणात कुत्रा असे तो अंगणात. उरलेली भाकरी, भात, जे मिळेल ते खाऊन तो घर राखत असे. इथे इस्रायलमध्ये लोद, रामला, अश्दोद, बेर-शेवा, दिमोना अशा गावांत आपण तिसऱ्या-चौथ्या मजल्यावर राहतो आणि कुत्रा सोफ्यावर बसतो. बहुतेक वेळा तो आपला नसतोच. नातू सैन्यात गेला, नात शिकायला दुसऱ्या गावी गेली किंवा मुलगा-सून पंधरा दिवस परदेशी गेली, की कुत्रा येतो साबा-सावतांकडे. त्याच्याबरोबर एक पिशवी येते. त्यात त्याचे खाणे, पट्टा, गोळ्या आणि हल्ली हमखास पीनट बटरची एक बाटली असते. नातू सांगून जातो, “सावता, गोळी याच्यात घालून दे, नाहीतर तो थुंकून टाकतो.”

पीनट बटर, ज्याला इथे खेमत बोत्नीम म्हणतात, म्हणजे भाजून वाटलेले शेंगदाणे. कुत्र्यांना ते फार आवडते. साधे, निव्वळ शेंगदाण्याचे असेल तर निरोगी कुत्र्याला थोडेसे दिल्याने काही होत नाही, हे आधीच सांगतो, म्हणजे कोणी घाबरून जाणार नाही. धोका शेंगदाण्यात नाही. काही बाटल्यांत साखरेऐवजी जो एक पदार्थ घालतात, धोका त्यात आहे. आणि ती बाटली बहुधा नातवाने आणलेली नसते. ती आपल्याच कपाटात असते, कारण ती आपल्या सुकेरेतसाठी, म्हणजे मधुमेहासाठी, आपण स्वतः विकत आणलेली असते. नातवाची बाटली संपली की आपण सहज आपली उघडतो. हा लेख मुख्यतः त्या एका क्षणासाठी आहे.

त्या पदार्थाचे नाव क्सिलिटोल. चवीला तो साखरेइतकाच गोड, दिसायला पांढरा आणि दाणेदार. बर्च नावाच्या झाडाच्या लाकडापासून किंवा मक्याच्या कणसांपासून तो काढतात. माणसाच्या रक्तातली साखर तो फारशी वाढवत नाही आणि दात किडू देत नाही. म्हणून मधुमेह असलेल्यांच्या खाण्यात आणि दंतवैद्य सुचवतात त्या च्युइंगममध्ये तो असतो. आपल्याला त्यापासून अपाय नाही. फार खाल्ला तर पोट बिघडते, इतकेच.

कुत्र्याचे शरीर मात्र वेगळ्या रीतीने चालते. क्सिलिटोल त्याच्या रक्तात झपाट्याने उतरते, आणि त्याच्या स्वादुपिंडाला वाटते की पुष्कळ साखर आली. मग ते एकदम इन्सुलिन सोडते, आणि खऱ्या साखरेसाठी सोडले असते त्यापेक्षा कितीतरी जास्त सोडते. प्रत्यक्षात साखर आलेलीच नसते. त्यामुळे रक्तात होती नव्हती ती साखरही नाहीशी होते. आपल्यापैकी जे इन्सुलिनचे इंजेक्शन घेतात त्यांना हे सांगायला नको. इंजेक्शन घेऊन जेवायला उशीर झाला की हातपाय थरथरतात, घाम सुटतो, डोळ्यांपुढे अंधारी येते. कुत्र्याचे नेमके तसेच होते, फक्त त्याला सांगता येत नाही आणि टेबलावरची खजूर उचलून तोंडात टाकता येत नाही.

हे किती लवकर होते? पुष्कळदा अर्ध्या तासातच. च्युइंगममधून क्सिलिटोल हळूहळू सुटते, म्हणून तिथे कधीकधी बारा तासही लागू शकतात. प्रमाण जास्त झाले तर दुसरे संकट येते ते यकृताचे, आणि ते एक ते तीन दिवसांनी दिसते. पहिल्या दिवशी कुत्रा सावरल्यासारखा वाटतो आणि तिसऱ्या दिवशी त्याचे डोळे पिवळे दिसू लागतात.

आकडे लक्षात ठेवण्यासारखे आहेत. कुत्र्याच्या वजनाच्या दर किलोमागे ०.१ ग्रॅम क्सिलिटोल पोटात गेले तर साखर उतरू शकते. दर किलोमागे ०.५ ग्रॅम गेले तर यकृतालाही धोका. समजा घरातला लहान कुत्रा ८ किलोचा आहे. त्याच्यासाठी ०.८ ग्रॅम म्हणजे धोक्याची सुरुवात, आणि ४ ग्रॅम म्हणजे यकृताचा धोका. ४ ग्रॅम म्हणजे चहाचा एक चमचा. मधुमेहासाठी क्सिलिटोल घालून केक केला असेल तर त्याच्या एका जाड तुकड्यात इतके सहज असते.

बाटलीची मागची बाजू

आता सुपरमार्केटमधली गोष्ट. २०२० सालापासून इथे खाण्याच्या पाकिटांवर पुढच्या बाजूला लाल गोल खुणा छापतात. साखर जास्त, मीठ जास्त, घट्ट चरबी जास्त, अशा त्या तीन खुणा. आपण त्या पाहायला शिकलो आहोत आणि ते चांगलेच झाले. पण कुत्र्याच्या बाबतीत ही सवय फसवते. साखरेची लाल खूण नसलेली, ‘लेलो सुकार’ किंवा ‘लेलो तोसेफेत सुकार’ असे लिहिलेली बाटली आपल्याला जास्त चांगली वाटते. ती आपल्यासाठी चांगली असेलही. कुत्र्यासाठी मात्र तिचीच मागची बाजू आधी वाचावी लागते.

मागे ‘रखिवीम’ असा शब्द असतो, म्हणजे घटक. ज्याचे वजन जास्त तो घटक आधी, असा त्यांचा क्रम असतो. त्यात क्सिलिटोल हे नाव शोधावे. हिब्रू अक्षरे आपल्यातल्या अनेकांना सावकाश लागतात, म्हणून शब्दाची ओळख सांगतो. सुरुवात ‘कूफ’ने, लगेच ‘सामेख’, आणि शेवटी ‘लामेद’. कूफ आणि सामेख अशी शेजारी शेजारी सुरुवात फार थोड्या शब्दांची असते, त्यामुळे नजरेला ते चटकन सापडते. काही वेळा नावाऐवजी ई-९६७ असा आकडा असतो. तेच ते. परदेशातून आलेल्या बाटलीवर ‘बर्चची साखर’ अशा अर्थाचे शब्द असतात. ऐकायला ते नैसर्गिक आणि निरुपद्रवी वाटतात, पण वस्तू तीच. अक्षर बारीक असेल तर चष्मा घ्यावा, तरी दिसत नसेल तर फोनने फोटो काढून तो मोठा करून पाहावा किंवा नातवाला पाठवावा. आणि वाचता आले नाही तर ती बाटली कुत्र्यासाठी उघडू नये.

बाजारातल्या साध्या पीनट बटरच्या बहुतेक बाटल्यांत क्सिलिटोल नसते. अमेरिकेत काही थोड्या कंपन्यांनी ते घालायला सुरुवात केली, तेव्हा तिथल्या सरकारी अन्न व औषध खात्याने कुत्रे पाळणाऱ्यांना जाहीर इशारा दिला. आज अमेरिकेतली वस्तू आपल्या दुकानात यायला वेळ लागत नाही, आणि कंपन्या न सांगता कृती बदलतात. म्हणून नेहमीची बाटली असली तरी नवी आणली की एकदा वाचावी.

सॉर्बिटोल, माल्टिटोल, स्टिव्हिया, सॅकरिन अशी आणखी नावे त्याच यादीत दिसतील. त्यांच्यामुळे कुत्र्याची साखर अशी एकदम उतरत नाही. पहिल्या दोघांनी जुलाब होऊ शकतात. तरीसुद्धा माझे मत असे, की कुत्र्याला गोड लागावे म्हणून काहीही घातलेले पीनट बटर द्यायचे कारणच नाही. ‘रखिवीम’च्या ओळीत फक्त ‘बोत्नीम १००%’ एवढेच लिहिलेली बाटली मिळते, ती घ्यावी. किंमत जरा जास्त पडते. पण कुत्र्याला लागते तरी किती?

एक बाटली मात्र चुकूनही देऊ नये, ती म्हणजे शेंगदाणे किंवा हेझलनट यांच्यात चॉकलेट मिसळलेली, जी मुले पावाला लावून खातात. कोको कुत्र्याला विषारी आहे. त्यातले थिओब्रोमीन त्याच्या शरीराबाहेर लवकर पडत नाही आणि हृदयाचे ठोके वाढतात.

आपल्या घरातल्या इतर जागा

पीनट बटरचा विषय निघाला म्हणून सांगतो, आपल्या वयाच्या माणसांच्या घरात क्सिलिटोल सर्वात जास्त असते ते स्वयंपाकघरात नव्हे, तर पर्समध्ये आणि पलंगाशेजारच्या खणात. गोळ्यांमुळे तोंड कोरडे पडते, त्यासाठी चघळायच्या ज्या वड्या आणि फवारे मिळतात, त्यांतल्या कित्येकांत ते असते. बिनसाखरेचे च्युइंगम, पुदिन्याच्या गोळ्या, बिनसाखरेचे खोकल्याचे औषध, टूथपेस्ट, तोंड धुण्याचे पाणी, यांतही असते. च्युइंगमच्या काही जातींत एका तुकड्यात जवळजवळ १ ग्रॅमपर्यंत क्सिलिटोल असते. वरचा हिशेब धरला तर ८ किलोच्या कुत्र्याला एक तुकडासुद्धा पुरे, आणि कुत्रा एक खाऊन थांबत नाही, तो कागदासकट सगळे पाकीट फस्त करतो. कुत्रा घरात असेल तेव्हा पर्स खुर्चीवर न ठेवता दाराच्या उंच खुंटीला लावावी. माणसाच्या टूथपेस्टने कुत्र्याचे दात घासू नयेत. त्यांची वेगळी पेस्ट असते.

खाल्ले तर काय करावे

कुत्रा अकारण उलटी करतो, पाय लटपटतात, दारुड्यासारखा झोकांड्या खातो, सुस्त पडून राहतो, अंग थरथरते, झटके येतात. ही लक्षणे. पण ती दिसेपर्यंत थांबू नये. क्सिलिटोल खाल्ले अशी शंका आली, की त्याच मिनिटाला वेटरिनारला फोन करावा. लक्षणे येण्याआधी कुत्रा पोहोचला तर डॉक्टर उलटी करवून बरेचसे बाहेर काढू शकतात. नंतर शिरेतून ग्लुकोज देऊन काही तास, कधी दिवसभर, साखर पाहत राहावे लागते आणि यकृताची तपासणी पुन्हा दोन-तीन दिवस करावी लागते. वेळेवर गेलेले कुत्रे बहुधा वाचतात.

फोनवर सांगायच्या गोष्टी थोड्या आहेत: कुत्र्याचे वजन, काय खाल्ले, किती, आणि केव्हा. बाटली किंवा पाकीट बरोबर न्यावे. दुसऱ्याचा कुत्रा असेल तर तो घरी येतानाच त्याचे वजन विचारून ठेवावे.

घरी आपण करू नये अशा गोष्टी: मिठाचे पाणी पाजून उलटी करवणे (मीठ स्वतःच कुत्र्याला मारक ठरू शकते), बोट घशात घालणे, “थोडा वेळ झोपू दे, बरा होईल” म्हणून पांघरूण घालणे. झोकांड्या खात असेल आणि दवाखाना दूर असेल, तर डॉक्टरांना फोनवर विचारून थोडा मध किंवा सिलान, म्हणजे खजुराचा पाक, बोटाने त्याच्या हिरड्यांवर चोळावा. बेशुद्ध कुत्र्याच्या तोंडात काही ओतू नये, ते फुप्फुसात जाते. बोट दातांमध्ये घालू नये, झटक्यात कुत्रा चावतो आणि त्यात त्याचा दोष नसतो. मधाने थोडा वेळ मिळतो, औषध होत नाही. दवाखान्यात जावेच लागते.

इथे कायद्याने कुत्र्याला दर वर्षी रेबीजची लस द्यावी लागते आणि कातडीखाली चिप असते. त्या लसीच्या कागदावर वेटरिनारचा फोन सापडतो. पण तो दवाखाना शुक्रवारी दुपारी बंद होतो. रात्री आणि शब्बाथला उघडा असणारा जवळचा दवाखाना कोणता, ते त्यालाच आधी विचारून, नंबर मोठ्या अक्षरात फ्रिजच्या दारावर लावून ठेवावा. शेजारी कोणाकडे मोटार आहे तेही आधीच ठरवावे. मध्यरात्री कुत्रा थरथरत असताना हे शोधत बसणे आपल्या वयात जमत नाही.

किती द्यावे

शुद्ध पीनट बटरसुद्धा निम्मे तेल असते. जेवणाचा एक मोठा चमचा म्हणजे साधारण १६ ग्रॅम, आणि त्यात सुमारे ९५ कॅलरी. ५ किलोच्या छोट्या कुत्र्याला दिवसभरात लागतात ३०० ते ३५० कॅलरी. म्हणजे आपण प्रेमाने दिलेला एक चमचा त्याच्या दिवसाच्या जेवणाचा चौथा हिस्सा झाला. आपण पोटभर जेवून वर तीन-चार करंज्या खाव्यात, रोज खाव्यात, तसे ते होते. पशुवैद्य सांगतात, की वरचे खाणे सगळे मिळून दिवसाच्या दहाव्या हिश्श्यापेक्षा जास्त नसावे. तो हिशेब केला तर ५ किलोच्या कुत्र्याला चहाचा एक सपाट चमचा ही वरची हद्द, आणि त्या दिवशी दुसरे काही द्यायचे नाही. अर्धा चमचा बरा. लाब्राडोरएवढ्या मोठ्या कुत्र्याला जेवणाचा एक चमचा चालेल. रोज द्यायची गरज नाही.

तेल एकदम फार पोटात गेले तर काही कुत्र्यांच्या स्वादुपिंडाला सूज येते. कुत्रा उलट्या करतो, पाठ कमानीसारखी करून उभा राहतो, खात नाही. श्नाउत्सर जातीच्या कुत्र्यांना आणि लठ्ठ कुत्र्यांना हे जास्त होते. ज्याला एकदा असे झाले आहे, ज्याला मधुमेह किंवा मूत्रपिंडाचा आजार आहे, त्याला पीनट बटर देण्याआधी वेटरिनारला विचारलेच पाहिजे.

बांबाचे काय, असे कोणी विचारील, कारण नातवंडांच्या घरात बांबा जमिनीवर सांडलेलाच असतो. साधा बांबा म्हणजे मका, शेंगदाणे, तेल आणि मीठ. दोन-चार दाणे कुत्र्याने उचलले तर धावपळ करायला नको. पाकीटभर देऊ नये, मिठासाठी आणि तेलासाठी. खारे भाजलेले शेंगदाणे आणि टरफलासकट शेंगा याही नकोत. टरफल पचत नाही, घशात अडकते.

आणि घरात एखाद्या नातवंडाला शेंगदाण्याची अ‍ॅलर्जी असेल, तर कुत्र्याला पीनट बटर मुळीच देऊ नये. कुत्रा बाटलीशी जे खाईल ते तो मुलाच्या गालावर चाटेल. इस्रायलमध्ये ही अ‍ॅलर्जी कमी आढळते. २००८ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात ब्रिटनमधल्या ज्यू मुलांमध्ये ती इथल्या मुलांपेक्षा सुमारे दहापट दिसली, आणि त्याचे एक कारण इथली बाळे लहानपणापासून बांबा खातात हे असावे असे डॉक्टरांना वाटले. पुढे तसे सिद्धही झाले. कमी आहे म्हणजे नाहीच असे मात्र नाही.

घरीच करावे

खरे सांगायचे तर ज्या बाईने आयुष्यभर शेंगदाण्याचे कूट केले, तिने कुत्र्यासाठी पीनट बटर विकत आणावे याचे मला नवल वाटते. पीनट बटर म्हणजे पुढे नेलेले कूट. पाव किलो कच्चे, बिनमिठाचे शेंगदाणे घ्या. जाड बुडाच्या कढईत मंद आचेवर दहा-बारा मिनिटे भाजा. साले तडकली, वास सुटला की उतरवा. करपू देऊ नका. पूर्ण गार झाल्यावर हाताने चोळून साले काढा. सूप कोणाकडे उरलेले नाही, तेव्हा ताटात घेऊन फुंकर मारा, पण मिरपेसेतमध्ये, म्हणजे बाल्कनीत, करू नका, खालची शेजारीण ओरडेल.

मग मिक्सर. मुंबईहून आणलेला असेल तर त्याचे कोरडे वाटण्याचे छोटे भांडे या कामाला उत्तम. इथल्या उंच ब्लेंडरमध्ये दाणे कडेला चिकटून बसतात. पहिल्या मिनिटात कूट होईल. नेहमी आपण इथे थांबतो. आता थांबायचे नाही. बंद करा, चमच्याने कडा खरवडा, पुन्हा फिरवा. कुटाचा गोळा होईल, गोळा जड होऊन मिक्सर कुरकुरेल, तेव्हा दोन मिनिटे विश्रांती द्या, नाहीतर मोटार तापते. पुन्हा फिरवा. तीन-चार वेळा असे केले की दाण्यांचे आपलेच तेल सुटते आणि गोळ्याचे एकदम चकचकीत, ओघळणारे लोणी होते. वरून तेल, मीठ, गूळ, मध काहीही घालायचे नाही. काचेच्या बरणीत भरून फ्रिजमध्ये ठेवा, महिनाभर टिकते. कोरड्या चमच्याने काढा. इथल्या उन्हाळ्यात बाहेर ठेवले तर खवट होते.

दाणे मात्र निवडून घ्यावेत. सुरकुतलेले, काळे पडलेले, बुरशी धरलेले, कडू दाणे टाकून द्यावेत. “कुत्र्यालाच तर द्यायचे आहे” म्हणून ते बाजूला ठेवू नयेत. दमट जागी साठवलेल्या शेंगदाण्यावर जी बुरशी येते ती अफ्लाटॉक्सिन नावाचे विष तयार करते, आणि भाजल्याने ते पुरते जात नाही. हे विष माणसाला कळले तेच मुळी जनावरांमुळे. १९६० साली इंग्लंडमध्ये एक लाखाहून अधिक टर्की पक्षी एकाएकी मेले. शोध घेता घेता असे निघाले, की त्यांना बाहेरून आणलेली शेंगदाण्याची पेंड खायला घातली होती आणि तिला बुरशी होती. आपले पूर्वज कोकणात शनवार तेली म्हणून ओळखले जात. तेल घाण्यातून निघाल्यावर पेंड उरते आणि ती जनावरांपुढे जाते, हे त्यांच्या रोजच्या कामातले होते, त्यामुळे आपल्याला पेंड म्हणजे काय ते समजावून सांगायला नको. कुत्र्याचे यकृत या विषापुढे फार नाजूक असते. इस्रायलमध्येही अशा दूषित खाण्याने आजारी पडलेल्या ५० कुत्र्यांची हकीकत इथल्या पशुवैद्यांनी २०१२ साली प्रसिद्ध केली, आणि ते विकतचे खाणे होते. तेव्हा वास कुबट आला, चव कडवट लागली, की आपल्यालाही नको आणि कुत्र्यालाही नको.

गोळी कशी द्यावी

गोळी मोठ्या चमचाभर लोण्यात बुडवली तर कुत्रा लोणी चाटतो आणि गोळी जमिनीवर ठेवून जातो. म्हणून वाटाण्याएवढे तीन गोळे करावेत. पहिला नुसता, दुसऱ्यात गोळी, तिसरा हातात त्याला दिसेल असा. पहिल्याने विश्वास बसतो, आणि तिसरा दिसत असल्यामुळे दुसरा तो न चावता गिळतो. फ्रिजमधले घट्ट लोणी यासाठी बरे. काही गोळ्या उपाशी पोटी द्यायच्या असतात, ते नातवाला आधी विचारावे.

म्हाताऱ्या कुत्र्याला आणि चपट्या नाकाच्या कुत्र्याला घट्ट लोणी टाळूला चिकटून गुदमरायला होते. त्यांच्यासाठी चमचाभर कोमट पाण्यात फेटून पातळ करावे आणि बशीत पसरून चाटायला द्यावे. जवळ पाण्याचे भांडे ठेवावे. रिकामी बाटली चाटायला देऊ नये. लहान कुत्र्याचे तोंड तिच्यात अडकते आणि घाबरून तो घरभर आपटत फिरतो.

मलिद्याचे ताट

शेवटी एक गोष्ट, जी पीनट बटरच्या कुठल्याही माहितीत सापडणार नाही, कारण ती आपल्याच घरातली आहे. मनुका, बेदाणे आणि द्राक्षे कुत्र्याच्या मूत्रपिंडाला घातक आहेत. एखाद्या कुत्र्याने मूठभर खाल्ल्या आणि काही झाले नाही असेही होते, पण दुसरा थोड्याशाने आजारी पडतो, आणि कोणता कुत्रा कुठल्या जातीचा निघेल हे आधी सांगता येत नाही. एका दिवसात उलट्या सुरू होतात, मग लघवी कमी होत जाते.

मलिद्याचे ताट आठवा: पोहे, ओले खोबरे, साखर, वेलदोडा, आणि त्यात बेदाणे, शेजारी फळांमध्ये द्राक्षे. कार्यक्रम झाल्यावर पाहुणे बशा खाली ठेवून गप्पा मारत बसतात, आणि कुत्रा बशांमधून फिरतो. कोणी कौतुकाने त्याला एक घास देतोही. त्या संध्याकाळी कुत्र्याला दार लावून आतल्या खोलीत ठेवावे, आणि बशा टेबलावर उचलाव्यात. अजूनही काही घरांत किद्दूशसाठी जुन्या पद्धतीने काळ्या मनुका भिजवून, कुस्करून शरबत करतात. गाळल्यावर उरलेला चोथा आपण शुक्रवारी घाईघाईत केराच्या डब्यात टाकतो, आणि डबा स्वयंपाकघरात तसाच उघडा राहतो. तो चोथा पिशवीत बांधून, दिवे लावण्याआधी, खाली नेऊन टाकावा.